आत्याची कळ योजनेत बसत नाही

आमच्या सांगली-मिरजेला डॉक्टरांचा तोटा नाही. अथणी-जमखंडीपासून माणसं गाड्या भरभरून येतात, डोळे दाखवतात, मूतखडे काढून घेतात, गुडघे बदलतात आणि परत जाताना भडंगाची पुडकी घेऊन जातात. तेव्हा राहीआत्यासाठी डॉक्टर शोधायचं काम मी अंगावर घेतलं ते अगदी सहज, मंडईत जातोच आहे तर कोथिंबीर आणतो, इतक्या सहज. बँकेत शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस मी. लोकांची अडलेली कामं मार्गी लावण्यात माझी हयात गेली, असा निदान माझा समज होता.

राहीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. विट्याजवळच्या गावात एकटी राहायची. एकुलता एक मुलगा नाथाजी तिकडं मदुराईला, सोनं गाळायच्या धंद्यात. आत्याचं पोट दुखायला लागलं म्हणून मी तिला सांगलीला आमच्या फ्लॅटवर आणलं, तपासण्या झाल्या आणि पित्ताशयात निघू नये ते निघालं. तिथून ते लिव्हरमध्येही पसरलं होतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या, खातील ते खाऊ द्या."

"आणि दुखतंय त्याचं?"

"दुखणारच," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आत्याला पित्त झालंय असंच सांगायचं, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही, अशी मी सगळ्यांना सक्त ताकीद दिली. इकडं आत्या उशी पोटाशी आवळून, पुढं वाकून सोफ्यावर बसायची. आडवं झालं की कळ पाठीतून आरपार जायची तिच्या. पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली ती बाई मला बघवत नव्हती. "जया," ती मला म्हणाली, "मला दुसरं काय बी नगं. येवढी कळ थांबीव बाबा. मी वरडायला लागले तर शेजारपाजारची माणसं काय म्हणतील?"

मोबाईलवर वाचून मला कळलं की याचेही डॉक्टर असतात. आजार बरा होणार नसेल तर निदान माणसाला दुखू नये, झोप लागावी, एवढंच बघणारे. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. अशा पेशंटना ठेवून घेणारी ठिकाणंही असतात म्हणे, हॉस्पिस. आणि आत्याकडे तर सत्तरी ओलांडलेल्यांना मिळतं ते सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड होतं, मीच रांगेत उभं राहून काढून दिलेलं. तपासण्यांनीच आमचा घाम काढला होता, आणि हे किती दिवस चालेल ते कुणीच सांगत नव्हतं. म्हटलं, चला, कार्ड चालणारा असा डॉक्टर गाठला की झालं.

पहिल्या दवाखान्यात योजनेच्या काउंटरवर रेश्मा नावाची मुलगी होती. मी आपली ओळख करून दिली, शाखाधिकारी वगैरे. ती म्हणाली, "काका, रांगेत या." मी रांगेत आलो.

"पेशंटला काय करायचंय?"

"दुखायचं थांबवायचंय."

"ते कळलं हो. प्रोसिजर कुठली?"

"कुठलीच नाही. ऑपरेशन नको, केमो नको. नुसतं दुखू नये म्हणून औषध."

तिने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं. मुलगी मनाने चांगली होती, आणि म्हणूनच जास्त राग आला. "काका, काढायचं, घालायचं, जोडायचं, बदलायचं असं काहीतरी लागतं. नुसतं दुखतंय हे बसत नाही. त्यांचे गुडघे कसे आहेत?"

"गुडघे ठणठणीत आहेत."

"अरेरे," ती मनापासून हळहळली. "गुडघे बसले असते."

दुसऱ्या दवाखान्यात हॉस्पिस म्हटल्यावर मला हॉस्टेलच्या मेसचा पत्ता दिला. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर म्हणाले, "हे पुण्यात असेल." मिरजेत ज्या गोष्टीचं उत्तर ठाऊक नसतं ती पुण्यात असते. पुण्याला फोन लावला तर ते म्हणाले, जागा नाही, आणि तुमच्याकडं मिरज असताना इकडं कशाला येताय? फोन ठेवल्यावर मी गाडीतच बसून राहिलो आणि खरं सांगतो, रडलो. पार्किंगवाल्याने काच ठोठावून गाडी पुढं घ्यायला लावली. धड रडायलाही जागा मिळू नये म्हणजे काय!

आमच्या वरच्या मजल्यावर सुभेदार धनाजीराव राहतात. पलटणीतून निवृत्त झाले तरी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर अजून त्यांचा पहारा असतो. ते म्हणाले, "जयराजराव, तुमी लय पेपर वाचता आन रस्ता इचारत न्हाई. साताऱ्याला वेदनामुक्ती केंद्र हाय. माझ्या मेव्हण्याची कंबर धरली हुती, आता तो पळतोय. आन सगळं फुकाट!"

फुकट म्हटल्यावर कार्डाचा प्रश्नच मिटला. आत्याला मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलं आणि निघालो. कराडपर्यंत रस्ता बरा होता. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, गाडी आदळली की ती माझ्या सीटची पाठ धरायची आणि मी "आलंच हं आत्या, आलंच" म्हणायचो. उंब्रजला आलंच, नागठाण्यालाही आलंच. धनाजीराव पुढं बसून मला गिअर कधी बदलायचा ते सांगत होते.

साताऱ्याचं वेदनामुक्ती केंद्र एका मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर निघालं. आत गरम होणाऱ्या गाद्या मांडलेल्या, त्यांवर सातारकर म्हातारे-म्हाताऱ्या ओळीने पहुडलेल्या आणि टाय बांधलेला एक माणूस माईकवरून ओरडत होता, "दुखणं कुठं गेलं?" सगळे पडल्या पडल्या टाळ्या वाजवून म्हणत होते, "पळालं!" आत्याला कुणीतरी गादीवर निजवलं. ती अशी किंचाळली की माईकसुद्धा थांबला. मी आणि धनाजीरावांनी तिला उठवून बसवलं. टायवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना मोठी, डबल चुंबकवाली गादी लागेल, ती हप्त्याने मिळते. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. धनाजीराव मात्र परतीच्या वाटेवर म्हणाले, "गादी तशी गरम हुती पण."

आम्ही घरी पोचलो तर दारात गावाकडची क्रूझर गाडी उभी. भावकी आत्याला बघायला आली होती. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे शहाळी, बिस्किटचे पुडे आणि एक प्रश्न घेऊन जायचं असतं. कोंडीबा तात्या, म्हणजे आत्याचे चुलतदीर, बूट काढता काढताच म्हणाले, "सलाईन कुठाय?"

"सलाईन नाहीये तात्या. त्याची गरज नाही."

"न्हाई?" तात्यांनी भिंतीकडे पाहिलं. खिळाही नव्हता. "येवढी शीक बाई, आन बाटली लावली न्हाई? तुमी शिकल्याली माणसं. माणूस असं कोरडंच ठिवायचं व्हय?" मग त्यांनी खाली मान घालून एक लांब सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्याचा अर्थ, जयराजनं आत्यावर खर्च करायला हात आखडला, असा होता, आणि तो क्रूझरमधल्या सगळ्यांना कळला. माझी बायको अंजना चहा करत होती, तिच्याकडे मी पाहिलं, तर तिच्याही डोळ्यांत पाणी. बत्तीस कप चहा केले त्या दिवशी तिने आणि वर हे ऐकून घेतलं.

डॉक्टर शेवटी अंजनालाच सापडला. मी फाईल काखोटीला मारून दोन जिल्हे पालथे घातले आणि हिने मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता काम केलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईचे सासरे नुकतेच गेले होते. अंजनाने विचारलं, कसे गेले हो? ती बाई म्हणाली, "अहो, लय चांगले गेले. सकाळी चहा बिस्कीट खाल्लं, नातवाला शिव्या दिल्या आन झोपेत गेले. शेवटचे दोन महिने कळ म्हणून न्हाई." अंजनाने मेथी तिथंच ठेवली आणि औषध कुणाचं ते विचारलं. एखाद्या डॉक्टरची अशी शिफारस मी जन्मात ऐकली नव्हती. त्यांच्या हातचा पेशंट किती छान मेला यावर आमची सगळी आशा लागली.

त्या डॉक्टर प्रांजल मॅडम एका धर्मादाय दवाखान्यात, एक्स-रेच्या मागच्या खोलीत बसायच्या. दारावर पाटी नव्हती. त्या दारावरून मी दोनदा पुढं गेलो होतो, तिथं झाडू ठेवत असतील असं समजून. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आत्याचे रिपोर्ट बाजूला ठेवले, स्टूल ओढून आत्याच्या समोर बसल्या आणि विचारलं, "आजी, कुठं दुखतंय ते मला हाताने दाखवा." इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आत्याने दाखवलं. दाखवायला तिला खूप वेळ लागला आणि मॅडम तेवढा वेळ बसल्या.

"कार्ड?" मी धीर करून विचारलं.

"चालतं इथं. एक दिवस ॲडमिट केलं की योजनेत बसतं, पुढं औषध घरी."

मी खुर्चीतच कोसळलो असतो, पण कार्डासाठी ओळख पटवायचं मशीन अजून बाकी होतं. आत्याच्या अंगठ्यांच्या रेषा उसाचं पाचट ओढून ओढून कधीच गेल्या होत्या, ठसा उमटेना. मग चेहरा दाखवायचा ठरला. मशीनवर अक्षरं आली, डोळे मिचकवा. आत्याला नेमकी कळ आलेली, ती डोळे घट्ट मिटून बसली. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. मी म्हटलं, आत्या, जरा डोळे उघड-मीट कर गं, मशीनला खात्री पाहिजे.

"कसली खात्री?"

"तू आहेस याची."

"मी जित्ती हाय म्हणून त्येच्याकडं बघून डोळं मिचकवू?" आत्या कण्हत म्हणाली. "ह्या वयात?" आणि तिला त्या अवस्थेतही हसू आलं. हसताना डोळे मिटले, उघडले, आणि मशीनने तिला मान्य केलं.

मॅडमनी मॉर्फिनच्या बारीकशा गोळ्या दिल्या. ठराविक वेळेला द्यायच्या, कळ यायची वाट बघायची नाही, पोट साफ व्हायचं औषध सोबत द्यायचं, आणि मनाने बंद करायच्या नाहीत. पहिला दिवस आत्या दवाखान्यात पेंगली, मग तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये आलो तर ती सोफ्यावर पाठ टेकून आडवी, चक्क घोरत होती. मी अंजनाला हाक मारली. आम्ही दोघं नवरा-बायको तिथं उभं राहून एका म्हातारीचं घोरणं ऐकत राहिलो. त्यानंतर आठवडाभरात आत्या बाजरीची भाकरी मागायला लागली, अंजनाच्या आमटीला मीठ कमी आहे म्हणायला लागली, गॅलरीत बसून धनाजीरावांच्या टाकीवरच्या पहाऱ्याची टिंगल करायला लागली. 

आणि इथंच आमचं वाटोळं झालं.

भावकी पुन्हा बघायला आली. कोंडीबा तात्यांनी आत्याला भाकरी खाताना पाहिलं आणि हातातलं शहाळं खाली ठेवलं. "आयला, वैनी उठली की! जयराज, तू बरी केलीस रं तिला. मानलं गड्या!" सगळी क्रूझर माझ्या पाया पडायची बाकी राहिली. मी सांगायला पाहिजे होतं. मॅडमनी मला स्वच्छ सांगितलं होतं की आजार आहे तिथंच आहे, वाढतोही आहे, आपण फक्त कळ थांबवली आहे. पण इतके दिवस काउंटरा-काउंटरावर 'ओ काका' ऐकून घेतलेल्या माणसाला 'मानलं गड्या' ऐकल्यावर जे होतं ते मला झालं. मी म्हटलं, "प्रयत्न करत राहायचं तात्या." आणि कुठंतरी मलाही वाटायला लागलं होतं, कुणास ठाऊक, चुकले असतील रिपोर्ट.

तात्यांनी मदुराईला व्हिडिओ कॉल लावला. आई भाकरी खातेय हे बघून नाथाजी दुकानातच हमसून हमसून रडला. मला म्हणाला, "दादा, आता एवढी ताकद आलीया तर ऑपरेशन करून टाकू. ते मुळातनंच काढून टाकू. मी येतोय." तात्यांच्या ओळखीचे एक सर्जन होते. मी फाईल घेऊन गेलो, हो, मीच गेलो. सर्जन म्हणाले, "उघडून बघू. निघण्यासारखं असेल तर काढू." आम्ही 'काढू' तेवढं ऐकलं. काउंटरवर कार्ड दिलं आणि दहा मिनिटांत मंजुरी आली. पोट उघडायचं म्हटल्यावर सगळं कसं लगेच बसलं. कार्ड आता त्या दवाखान्यात अडकलं, एका वेळी एकाच ठिकाणी चालतं ते. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

प्रांजल मॅडमना मी काहीच कळवलं नाही. काय तोंडाने कळवणार?

नाथाजी शनिवारी आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठलाच नाही. वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा मुलगा, त्याला काय करू आणि काय नको असं झालं होतं. रविवारी सकाळी मी दूध आणायला गेलो, अंजना आंघोळीला, तेवढ्यात तात्यांचा फोन आला त्याला. तात्यांनी सांगितलं की त्या गोळ्या नशेच्या असतात, ऑपरेशनच्या आधी अंगात नशा असली तर माणूस टेबलावरच जातो. नाथाजीने सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या आणि पाणी सोडलं. आम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलंही नाही. अंजना गोळ्या शोधायला लागली तेव्हा म्हणाला, "राहू दे वैनी, उद्यापासनं लागायच्याच न्हाईत."

दुपारपर्यंत आत्या पुन्हा पोटाशी उशी धरून वाकलेली होती. नेमकी तेव्हाच क्रूझर आली, ऑपरेशनच्या आधी बघून जावं म्हणून. हॉलमध्ये दहा-बारा माणसं चहा पीत होती आणि आतल्या खोलीत आत्या कण्हत होती. तात्या म्हणाले, "दुखनारच. बरं व्हायच्या आदी जरा दुखतंच."

आणि माझा तोल गेला. मी ओरडलो. आयुष्यात कधी शाखेतल्या शिपायावरही इतक्या मोठ्यांदा ओरडलो नसेन. "ती बरी होणार नाहीये! कळतंय का कुणाला? कॅन्सर आहे तिला, लिव्हरभर पसरलाय. ती मरणार आहे, नाथा. उद्या पोट फाडलं तरी मरणार आणि नाही फाडलं तरी मरणार. दोन घास सुखाने खात होती ती, तेवढं तरी खाऊ द्यायचं होतं आपण! मी गाढव, मीच फाईल घेऊन गेलो!"

आतलं कण्हणं थांबलं. तिने ऐकलं होतं. मी दारात जाऊन उभा राहिलो, आता तिच्याकडे कसं बघायचं ते मला समजेना.

आत्या म्हणाली, "झालं का बोलून? मी कवा मरनार ते मी बघते. गोळी कवा देताय ते बोला."

मी नाथाजीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून तसाच खाली बसला आणि मग कुठं त्याने गोळ्यांचं काय केलं ते सांगितलं. लहान पोरासारखा रडायला लागला, स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला. आत्याने त्याला जवळ बोलावलं. एका हाताने तिने चादर पिळून धरली होती आणि दुसरा त्याच्या डोक्यावरून फिरवत होती. "असू दे रं लेकरा. माझ्यासाटीच केलंस न्हवं? गप. रडू नगंस."

मी स्कूटरची किल्ली घेतली. रविवार होता, एक्स-रेमागच्या खोलीला कुलूप असणार होतं, ती गोळी कुठल्याही दुकानात मिळत नाही, कार्ड दुसरीकडं अडकलेलं, आणि मॅडमना मी काय सांगणार होतो ते मला ठाऊक नव्हतं. चपला घालताना अंगठा आत जाईना.

"जया," आतून आत्याचा आवाज आला, "लवकर ये रं बाबा. आता मला दम निघंना."